चुकांची यादी, टाळलेला प्रश्न

डॅन ब्राउन यांच्या 'डिजिटल फोर्ट्रेस'वर वाचकांचा वाद सुरू झाला की तो हमखास एकाच वळणावर येऊन अडकतो. एका बाजूचे वाचक चुकांची यादी काढतात. स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या हिराल्डा मनोऱ्यात जिना नाही, उतार आहेत. बिट (संगणकातला एक 0 किंवा 1) कशाला म्हणतात आणि अक्षर कशाला, याची लेखकाने गल्लत केली आहे. नागासाकीच्या बॉम्बबद्दल लिहिलंय ते साफ चूक आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, अहो, ही थ्रिलर आहे, पाठ्यपुस्तक नव्हे; रात्री हातात घेतली आणि पहाटे संपवूनच खाली ठेवली, अजून काय पाहिजे? मग पहिले आणखी चार चुका शोधून आणतात, दुसरे 'खिळवून ठेवते' हे वाक्य आणखी ठासून म्हणतात, आणि कादंबरीत नेमकं काय आहे हे बोलायचं राहूनच जातं.

कादंबरी वेगवान आहे हे खरं, चुकांनी भरलेली आहे हेही खरं. पण ती फसते ती या दोन्हींमुळे नव्हे. तिने एक अस्सल सार्वजनिक प्रश्न उचलला: सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्यांवर नजर कोण ठेवणार? रोमन कवी जुवेनालपासून चालत आलेला हा प्रश्न कादंबरीतली पात्रं स्वतःच्या तोंडाने विचारतात. आणि उत्तर द्यायची वेळ आली की लेखक पाठ फिरवतो. ज्या चुकांना खरोखर महत्त्व आहे त्या या पाठ फिरवण्याशी जोडलेल्या आहेत; बाकीच्या चुकांवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. चर्चा व्हायला हवी ती या अंगाने.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो, आणि शेवटही सांगणार आहे, कारण त्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीकडे, म्हणजे एनएसएकडे, 'ट्रान्सल्टर' नावाचं एक गुप्त यंत्र आहे. तीस लाख प्रोसेसर असलेलं हे यंत्र कुठलाही सांकेतिक संदेश, एकामागून एक किल्ल्या, म्हणजे संदेश उलगडणारे गुप्त आकडे, लावून बघत, काही मिनिटांत फोडतं. एन्सेई टंकाडो हा तिथला माजी कूटतज्ज्ञ, म्हणजे सांकेतिक लिपी रचणारा आणि फोडणारा. हिरोशिमाच्या किरणोत्साराचे परिणाम अंगावर घेऊन जन्मलेला, हातांची बोटं वाकडी असलेला माणूस. हे यंत्र सामान्य माणसांच्या खासगी पत्रव्यवहारावर चालणार हे लक्षात आल्यावर तो संस्थेशी भांडतो, बाहेर पडतो आणि कधीच फुटणार नाही असं कूट तयार केल्याचं जाहीर करतो. त्याला पैसा नको आहे. असं यंत्र आपल्याकडे आहे हे एनएसएने जगाला सांगावं, एवढीच त्याची मागणी. तो सेव्हिलमध्ये मरतो. त्याच्या अंगठीवर कोरलेला मजकूर मिळवण्यासाठी भाषांचा प्राध्यापक डेव्हिड बेकर त्या शहरात वणवण फिरतो. इकडे फोर्ट मीडमध्ये, एनएसएच्या मुख्यालयात, त्याची वाग्दत्त वधू आणि एनएसएची मुख्य कूटतज्ज्ञ सुझन फ्लेचर हिच्यासमोर उलगडत जातं की तिचा गुरू, उपसंचालक स्ट्रॅथमोर, हाच सगळ्याच्या मुळाशी आहे. टंकाडोच्या कूटात गुपचूप एक चोरदरवाजा, म्हणजे फक्त आपल्यालाच संदेश वाचता येतील अशी छुपी वाट, बसवून ते जगभर पसरू द्यायचं, असा त्याचा डाव असतो.

आता कादंबरीच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी मोकळेपणाने मान्य करू. ब्राउन यांची ही पहिली कादंबरी, 1998 सालची. ती आली तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. 2003 मध्ये 'द दा विंची कोड'ने जग डोक्यावर घेतलं आणि मग वाचक मागे वळून या पुस्तकाकडे आले. म्हणजे बहुतेकांनी ही पहिली कादंबरी पहिली म्हणून वाचलेलीच नाही. चौथी वाचून झाल्यावर, अपेक्षा वाढवून वाचली. एका दिवस-रात्रीत घडणारं कथानक, छोटी छोटी प्रकरणं, प्रत्येक प्रकरणाच्या टोकाला टांगलेलं वाक्य, काहीतरी शारीरिक वैशिष्ट्य असलेला मारेकरी, विश्वासातल्या वडीलधाऱ्या माणसाचं उघडं पडणं: पुढच्या पुस्तकांतलं सगळं इथे कच्च्या रूपात सापडतं. ते आधी माहीत असलेल्या वाचकाला इथला धक्का धक्का वाटत नाही, हा दोष निदान पूर्णपणे या पुस्तकाचा नाही. हा उलट्या क्रमाचा अन्याय आहे आणि टीकाकारांनी तो लक्षात घेतला पाहिजे.

वेगाबद्दलही तेच. एनएसएच्या कूटविभागाच्या घुमटाखाली कोंडलेली तीन माणसं, तळाशी तापत चाललेलं यंत्र, कुणावर विश्वास ठेवावा हे दर दहा पानांनी बदलतं. हा भाग लेखकाने पक्का बांधलाय. सेव्हिलचा भाग मात्र मला ओढूनताणून लांबवलेला वाटतो. अंगठी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, बेकर मागे धावतो, आणि प्रत्येक वेळी मिळणारी माहिती म्हणजे फक्त पुढच्या माणसाचा पत्ता. 'पुस्तक विषम आहे' असं वाचक म्हणतात ते याच दोन भागांतल्या अंतरामुळे.

आता चुकांकडे येऊ. हिराल्डा हा मुळात बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार. अजान देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून आत उतार बांधलेले आहेत, असं सांगतात. अगदी वरच्या काही पायऱ्या सोडल्या तर चढण सगळी उतारांची. कादंबरीतला शेवटचा थरार तिथल्या अरुंद जिन्यावर घडतो. चूक आहे, मान्य. पण तिथे जिन्याऐवजी उतार घातला तर कादंबरीचं काय बदलेल? मारामारीची मांडणी बदलेल, बस्स. ही सजावटीतली चूक. ती दाखवणाऱ्याला सेव्हिल पाहिल्याचं समाधान मिळतं, कादंबरीबद्दल काही कळत नाही.

नागासाकीची चूक त्या जातीची नाही. शेवटच्या प्रकरणांत टंकाडोच्या कूटामुळे एनएसएची सगळी माहिती उघडी पडायला काही मिनिटं उरलेली असताना एक कोडं सोडवायचं असतं: हिरोशिमा आणि नागासाकी घडवणाऱ्या मूलद्रव्यांमधला 'प्राइम' फरक. खोलीभर तज्ज्ञ, समोर पडदा, घड्याळ मागे मागे चाललेलं. सुझन शोधते की नागासाकीच्या बॉम्बमध्ये प्लुटोनियम नव्हतंच, युरेनियम 238 होतं. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये 235. वजाबाकी तीन, तीन ही मूळ संख्या, जग वाचलं. वस्तुस्थिती अशी की नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचा गाभा प्लुटोनियम 239 चा होता. गाभ्याभोवती साध्या युरेनियमचं कवच होतं आणि स्फोटाच्या ऊर्जेत त्याचा काही वाटा होता, हे लेखकाच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. पण 'प्लुटोनियम हा लोकांचा गैरसमज' असं पात्राच्या तोंडी घालणं म्हणजे खऱ्याला खोटं ठरवणं. आणि ही चूक शेवटच्या कुलपाच्या किल्लीतच आहे. जो वाचक शाळेत शिकलेलं नीट आठवून कोडं सोडवायला बसेल, तो हरणार आणि लेखक जिंकणार. वाचकाला कोडं घालणाऱ्या लेखकाने पाळायचा पहिला करार इथे मोडला आहे.

त्याहून मला टोचते ती दुसरी गोष्ट. टंकाडोचं सारं आयुष्य त्या बॉम्बने घडवलं. त्याने कूट लिहिलं, त्यात हिरोशिमा-नागासाकीचा उल्लेख ठेवला, तो काहीतरी सांगू पाहत होता. कादंबरी त्या माणसाचं दुःख एका वजाबाकीत बसवते आणि तीही चुकीची करते.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, पण तिची चर्चा नेहमी 'बिट की अक्षरं' या तांत्रिक खोड्यावर थांबते. ट्रान्सल्टर पहिल्या चाचणीत जी किल्ली शोधतं ती 64 बिटांची की 64 अक्षरांची, हे पुस्तकात धड ठरत नाही. हा मुद्राराक्षसाचा खेळ नव्हे. किल्लीत एक बिट वाढला की शोधण्याचं काम दुप्पट होतं. ज्या वर्षी कादंबरी आली त्याच वर्षी, जुलै 1998 मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात यंत्र बांधून अमेरिकी सरकारच्या प्रमाणित पद्धतीची 56 बिटांची किल्ली 56 तासांत शोधून दाखवली. 64 बिटांची एक किल्ली जगभरच्या हौशी लोकांनी आपापले संगणक जोडून 2002 मध्ये शोधली. म्हणजे 64 बिट हे मोठ्या सरकारी संस्थेच्या आवाक्यातलं काम. पण 1992 पासून 'पीजीपी' हा फुकट मिळणारा प्रोग्राम सामान्य माणसालाही 128 बिटांची किल्ली देत होता. तीस लाख प्रोसेसरांपैकी प्रत्येकाने सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासल्या असं धरलं, तरी 128 बिटांच्या सगळ्या किल्ल्या तपासून व्हायला साडेतीन लाख कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. विश्वाचं वय आहे सुमारे 1,380 कोटी वर्षं. कादंबरीतले तज्ज्ञ म्हणतात की न फुटणारं कूट गणिताने अशक्य आहे. वास्तविक गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्येच सिद्ध केलं होतं की संदेशाइतकी लांब, यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर ते कूट कुठल्याही यंत्राने फुटत नाही. सुझनसारख्या गणितज्ञाला हे माहीत नसणं शक्यच नाही.

यावर बचावाचं उत्तर ठरलेलं: 'वाचकाला हे गणित कुठे येतं?' येत नसेल. पण या गणितावर कादंबरीचं राजकारण उभं आहे, म्हणून ते महत्त्वाचं. सरकारी यंत्र काहीही फोडू शकतं असं एकदा गृहीत धरलं की नागरिकाच्या हातात काही उरतच नाही. मग उरतो एकच प्रश्न: यंत्राच्या बटणावर बोट ठेवणारा माणूस सज्जन आहे की दुर्जन? सगळी कादंबरी या प्रश्नाभोवती फिरते. प्रत्यक्षात त्या दशकातला झगडा नेमका उलट होता. गणित नागरिकाच्या बाजूला होतं आणि सरकार त्यामुळे अस्वस्थ होतं. एप्रिल 1993 मध्ये अमेरिकी सरकारने 'क्लिपर चिप'ची घोषणा केली: संभाषण सांकेतिक करणारी चिप घ्या, मात्र तिच्या किल्लीची प्रत सरकारी संस्थांकडे राहील. चोरदरवाजा उघडपणे जाहीर केलेला! त्यावर गदारोळ झाला, 1994 मध्ये बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले मॅट ब्लेझ यांनी या योजनेतली त्रुटी प्रसिद्ध केली, आणि काही वर्षांत ती बारगळली. पीजीपीचे कर्ते फिल झिमरमन यांच्यामागे शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली चौकशी लागली होती. 1996 च्या जानेवारीत ती बंद झाली. दरम्यान संगणकावरून प्रोग्राम बाहेर पाठवायला बंदी म्हणून 1995 मध्ये एमआयटीच्या प्रकाशनाने तो अख्खा पुस्तकरूपाने छापला, कारण छापील पुस्तक निर्यात करायला आडकाठी नव्हती. यापेक्षा रंजक कथानक कुठल्या कारस्थानी कादंबरीला हवं?

ब्राउन यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही. क्लिपर चिपमधल्या पद्धतीचं नाव 'स्किपजॅक'. ते नाव कादंबरीत आहे. त्यात चोरदरवाजा शोधणारा बेल लॅब्जचा तरुणही आहे, ग्रेग हेल. पण कादंबरीत चोरदरवाजा गुपचूप बसवलेला, तो बसवणारा स्ट्रॅथमोर, आणि शोधणारा हेल हा उद्धट, किळसवाणा, संशयित इसम. नागरिकांनी जिंकलेली लढाई पुस्तकात एका आगाऊ पोराचा उपद्व्याप होऊन जाते. जो वाचक फक्त कादंबरी वाचेल त्याच्या मनात काय राहील? की एनएसएवर शंका घेणारे लोक चक्रम असतात आणि आतली माणसं, एखादा अपवाद सोडून, देशासाठी झिजत असतात.

'पण ही गोष्टच तर आहे' हा बचाव इथे पुन्हा पुढे येतो. गोष्टींना इतकं हलकं समजू नये. 1906 मध्ये ब्रिटनच्या 'डेली मेल'मध्ये विल्यम ल क्यू यांची जर्मन आक्रमणाची कादंबरी क्रमशः आली, 1909 मध्ये त्यांनी जर्मन हेरांवर आणखी एक पुस्तक लिहिलं. वाचक इतके पेटले की शेजारचा जर्मन न्हावी, हॉटेलातला वेटर, सुट्टीवर आलेला चित्रकार यांच्यावर संशय घेणारी पत्रं लेखकालाच येऊ लागली. अशी माहिती ल क्यू यांच्याकडून लष्करी गुप्तवार्ता अधिकारी जेम्स एडमंड्स यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती 1909 च्या सरकारी उपसमितीपुढे पुरावा म्हणून ठेवली. त्याच वर्षी ब्रिटनची सीक्रेट सर्व्हिस ब्युरो स्थापन झाली, ज्यातून पुढे एमआय 5 आणि एमआय 6 या गुप्तचर संस्था निघाल्या. 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हजारो हेरांची ती फौज कुठेच नव्हती. कादंबरीने उभं केलेलं भूत शासनाच्या कागदांत शिरलं आणि त्यातून जी संस्था जन्मली ती आजही आहे. अमेरिकेत 1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी लष्करी संगणकात शिरणाऱ्या एका मुलाचा चित्रपट पाहिला, 'असं खरंच होऊ शकतं का?' असं सेनाधिकाऱ्यांना विचारलं, आणि पुढच्या वर्षी निघालेल्या आदेशाने नागरी संगणकांच्या सुरक्षेतही एनएसएला अधिकार मिळाले. ते आवरायला संसदेला 1987 मध्ये कायदा करावा लागला. ज्या विषयात खरी माहिती गुप्त असते, तिथे लोकांच्या डोक्यातलं चित्र गोष्टीच भरतात. म्हणून कारस्थानाच्या कादंबरीवर इतर कादंबरीपेक्षा जास्त जबाबदारी येते.

कादंबरीच्या चाहत्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे: 2013. त्या वर्षीच्या जूनमध्ये एनएसएसाठी कंत्राटावर काम करणारे एडवर्ड स्नोडेन यांनी तिचे गुप्त कागद बाहेर काढले आणि एनएसए किती दूरवर पोहोचली आहे हे जगाने पाहिलं. 'ब्राउन यांनी पंधरा वर्षं आधीच सांगितलं होतं' असं मग वाचक म्हणू लागले. चोरदरवाजापुरतं हे खरंही आहे. यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या एका सरकारमान्य पद्धतीत चोरदरवाजा असू शकतो असं दोन संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं होतं. स्नोडेन यांच्या कागदपत्रांनंतर तो संशय एनएसएवर पक्का झाला आणि 2014 मध्ये ती पद्धत मानकांतून काढण्यात आली. स्ट्रॅथमोरच्या डावाशी हे जुळतं. मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

पण भाकिताचं श्रेय द्यायचं तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, 1998 मध्ये यातलं किती आधीच उघड होतं? बरंच. 1975 मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने 'शॅमरॉक' उघडकीला आणलं होतं: 1945 पासून तीस वर्षं अमेरिकेतल्या तीन तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती एनएसएला आणि तिच्या आधीच्या लष्करी संस्थांना देत आल्या होत्या. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, 2013 मध्ये कळलेली गोष्ट कादंबरीसारखी होती का? पहिला कागद छापला गेला तो एका न्यायालयाचा आदेश होता. व्हेरायझन कंपनीने तिच्या ग्राहकांच्या फोनची नोंद रोज एनएसएला द्यावी, असं त्यात लिहिलेलं होतं, खाली न्यायाधीशांची सही. भुयारात तापणारं यंत्र नाही, प्रेमात वेडा झालेला उपसंचालक नाही. कायदा, त्याचा गुप्त अर्थ, कंपनीचा विधी विभाग, महिन्यांची मुदत, नूतनीकरण. पाळत अशी चालते. ती चालवणारी हजारो माणसं संध्याकाळी घरी जातात आणि आपण काही वावगं करतोय असं त्यांना वाटत नाही.

खऱ्या चोरदरवाजाची गोष्टही अशीच. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक देशांच्या सरकारांना सांकेतिक यंत्रं विकत होती. 1970 मध्ये सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर संस्थेने ती गुपचूप विकत घेतली आणि यंत्रं अशी बनवून घेतली की त्यांवरून जाणारे संदेश या दोन संस्थांना वाचता यावेत. फेब्रुवारी 2020 मध्ये पत्रकारांनी हे पुराव्यांनिशी मांडलं. 1992 मध्ये या कंपनीचा विक्री प्रतिनिधी हान्स ब्यूलर इराणमध्ये पकडला गेला. नऊ महिने तुरुंगात चौकशी झाली. त्याला यंत्रांतलं रहस्य माहीत नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही नव्हतं. कंपनीने दहा लाख डॉलर भरून त्याला सोडवलं आणि परत आल्यावर कामावरून काढलं. या एका माणसात जी कादंबरी आहे ती 'डिजिटल फोर्ट्रेस'च्या सगळ्या पाठलागांत नाही, कारण इथे कारस्थान त्याच्या पगारपत्रकात आहे आणि त्याला ते दिसत नाही.

ब्राउन कारस्थान एका माणसात कोंबतात. स्ट्रॅथमोर सुझनवर प्रेम करतो, म्हणून बेकरला मारायला निघतो, म्हणून तो वाईट. शेवटी तो ट्रान्सल्टरबरोबर जळून जातो. यंत्र गेलं, वाईट माणूस गेला, एनएसएची माहिती वाचली. टंकाडोची मागणी? ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. जगाला यंत्राबद्दल काहीच कळत नाही आणि पुस्तकाला त्याची खंत नाही. शेवटच्या पानावर आकड्यांची एक ओळ येते: 128-10-93-85 अशी सुरुवात, एकूण सोळा आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे प्रकरणाचा क्रमांक. त्या त्या प्रकरणाचं इंग्रजीतलं पहिलं अक्षर घ्या, पुस्तकातच शिकवलेल्या सीझर चौकोनात चार-चारच्या चार ओळी मांडा आणि वरून खाली वाचा. अर्थ निघतो: 'आम्ही तुमच्यावर नजर ठेवून आहोत.' हे कोडं हुशारीने रचलेलं आहे आणि सोडवताना मजा येते. पण ज्या वाक्याने वाचकाच्या अंगावर काटा यायला हवा होता, ते वाक्य बक्षीस म्हणून वाटलं जातं. टंकाडो ज्यासाठी मेला, त्याची ही परिणती?

'पहिलीच कादंबरी आहे, सांभाळून घ्या' असं शेवटी म्हटलं जातं. सांभाळून घ्यायला हरकत नाही, पण भाषेला, पात्रांना, सेव्हिलच्या लांबणीला. विषयाशी प्रामाणिक राहायला अनुभव लागत नाही. फ्रेडरिक फोर्सिथ यांची 1971 ची पहिली थ्रिलर 'द डे ऑफ द जॅकल' घ्या. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल मारले जाणार नाहीत हे प्रत्येक वाचकाला माहीत, तरी श्वास रोखला जातो, कारण मारेकरी खोटा पासपोर्ट कसा मिळवतो हे लेखक पायरीपायरीने दाखवतो: लहानपणी मेलेल्या मुलाचा जन्मदाखला काढायचा आणि त्या नावाने अर्ज करायचा. ही पळवाट ब्रिटनमध्ये खरी होती, आणि पुढे तशा फसवणुकीला त्या कादंबरीचंच नाव पडलं. ती कादंबरी आपल्या विषयापासून पळाली नाही. नवखेपणा दोघांचा सारखाच होता.

म्हणून 'डिजिटल फोर्ट्रेस' वाईट आहे की चांगली, या भांडणात मला रस नाही. वाचावी, खुशाल वाचावी. घुमटाखालची प्रकरणं खरोखर जमली आहेत. पण वाद घालायचा तर टंकाडोच्या मागणीवर घालावा, कारण तीच एक गोष्ट या पुस्तकात लेखकापेक्षा मोठी आहे. ती मान्य झाली असती तर शेवट कुठे झाला असता? त्याचं उत्तर इतिहासात तयार आहे. 29 ऑक्टोबर 1975 रोजी एनएसएचे संचालक लेफ्टनंट जनरल ल्यू ॲलन चर्च समितीपुढे उघड सुनावणीत बसले. एनएसएच्या संचालकाने जाहीरपणे साक्ष देण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकी नागरिकांची नावं पाळतीच्या यादीत कशी आली, कुणी पाठवली, किती दिवस राहिली, हे सिनेटर विचारत होते आणि त्यांना उत्तरं द्यावी लागत होती. तीन वर्षांनी परदेशी गुप्तवार्तेसाठी अमेरिकेत ठेवल्या जाणाऱ्या पाळतीला न्यायालयाची परवानगी सक्तीची करणारा कायदा आला. तो अपुरा होता हे 2013 ने दाखवलं, पण तो आला तो प्रश्न विचारले गेले म्हणून. सुझन फ्लेचरला त्या खुर्चीत बसवायला ब्राउन यांना कुणी अडवलं नव्हतं.